१.२८ आणि १.४१

गुरुजी आले तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. मी नुकतंच मशीन चालू करून कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावलं होतं. त्यांनी पिशवीतून दोन रिपोर्ट काढले, घड्या उलगडल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही क्रिएटिनिनचे: हा स्नायूंतला टाकाऊ पदार्थ किडनी रक्तातून गाळून टाकते, तो रक्तात वाढला की किडनीबद्दल शंका येते. "ताई, दिवाळीआधी एक पॉइंट अठ्ठावीस होतं. जानेवारीत एक पॉइंट एक्केचाळीस. किडनी चालली म्हणायची काय?"

मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी येतो. आकडे बदलतात, चेहऱ्यावरची काळजी तीच असते. पण गुरुजींकडे बघून मला धक्का बसला. गालफडं बसली होती, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. दुसरा रिपोर्ट हातात आल्यापासून त्यांनी तूरडाळ सोडली होती, मटण सोडलं होतं, अंडी तर सोडलीच होती. दोन महिन्यांत साडेचार किलो वजन गेलं होतं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे? आकडा वाढलेला दिसतोय की."

आकडा वाढलेला दिसत होता, हे खरंच. पण दोन आकडे वेगळे असणं आणि माणसात बदल होणं, या दोन गोष्टी एक नाहीत. एवढंच सांगण्यासाठी ही पोस्ट लिहिते आहे. रिपोर्टवर आम्ही हे कुठेही छापत नाही, आणि त्याची किंमत गुरुजींसारखी माणसं मोजतात.

आपल्या रक्तातली कोणतीही गोष्ट एका जागी स्थिर नसते. तोच माणूस, तीच तब्येत, आज आणि पुढच्या मंगळवारी सॅम्पल घेतलं तरी क्रिएटिनिन थोडं हलतंच. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तर जास्त हलतं, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिन नावाच्या घटकाचं क्रिएटिनिन होतं आणि ते थेट आपल्या रक्तात येतं. कोल्हापुरात सोमवारी सकाळी येणाऱ्या सॅम्पलबद्दल वेगळं काही सांगायला नको. हे झालं शरीराचं. मग आमच्या मशीनचंही हलणं असतंच. एकच सॅम्पल वीस वेळा लावलं तर वीस वेळा तोच आकडा येत नाही.

युजीन हॅरिस नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं यासाका यांच्याबरोबर १९८३ साली हे दोन्ही हेलकावे एकत्र धरून एक साधा हिशेब मांडला. क्रिएटिनिनसाठी माणसातला स्वतःचा हेलकावा साधारण ५ टक्के धरू, मशीनचा ३ टक्के. दोन्हींचा वर्ग करून बेरीज ३४, वर्गमूळ ५.८. दोन रिपोर्टांची तुलना करायची म्हणजे हेलकावा दोन्हीकडे आहे, म्हणून दोनाचं वर्गमूळ. आणि शंभरात पंचाण्णव वेळा खात्री हवी म्हणून १.९६. या दोघांचा गुणाकार २.७७. तो ५.८ शी गुणला की आले १६ टक्के. म्हणजे एकाच लॅबमधल्या दोन रिपोर्टांत १६ टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल, तर माणसात काही बदललं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. गुरुजींचा फरक १० टक्के. १.२८ चं १.४८ च्या पुढे गेलं असतं तर मी कान टवकारले असते. त्यात त्यांचे दोन रिपोर्ट दोन वेगळ्या लॅबचे होते, म्हणजे हा हिशेबसुद्धा तिथे लागू पडत नाही.

प्रत्येक तपासणीचा हेलकावा वेगळा. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, तर निम्म्यानं खालीवर झाले तरी नवल नाही. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो, म्हणून सकाळी सातचा आणि दुपारी दोनचा रिपोर्ट शेजारी ठेवू नये. साखरेची एचबीएवनसी तपासणी मात्र गुणी लेकरू. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरीच सांगते आणि एका दिवसाच्या श्रीखंडानं हलत नाही.

आता मशीनचं सांगते, कारण तिथे माझ्या हातून चूक झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी क्रिएटिनिनच्या रीएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, नवा लॉट आला. आमची पद्धत जाफे यांची, १८८६ सालची: क्षारयुक्त द्रावणात पिक्रिक अ‍ॅसिड क्रिएटिनिनला भेटलं की नारिंगी रंग येतो, आणि रंग जितक्या वेगानं चढेल तितकं क्रिएटिनिन. आमच्या कंट्रोलची सरासरी होती १.१०, आणि १.०२ ते १.१८ च्या आत आलं की पास. नव्या लॉटवर पहिल्या दिवशी १.१५ आलं. मग १.१४. १.१६. १.१५. रोज पास. मी रोज सही करत होते. तक्त्यावर ठिपका टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. दहाव्या दिवशी रात्री तक्ता भरताना नजर थबकली. दहाही ठिपके मधल्या रेषेच्या वर होते, एकही खाली नव्हता. नाणं दहा वेळा उडवून दहाही वेळा छापाच पडावा, तसं.

हा नियम मला पाठ होता. वेस्टगार्ड यांचे १९८१ पासूनचे नियम प्रत्येक लॅब टेक्निशियन परीक्षेसाठी घोकतो. सलग दहा ठिपके एका बाजूला पडले की थांबायचं. पण 'पास' या शब्दानं डोळे झाकले होते. त्या रात्री मी मागच्या दहा दिवसांतल्या सगळ्या पेशंटांची सरासरी काढली, त्याआधीच्या महिन्याशी ताडून पाहिली. सगळा गावच वर सरकला होता. गावातल्या सगळ्यांच्या किडन्या एकाच सोमवारपासून बिघडत नाहीत. पुन्हा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मशीनचं माप जुळवून घेतलं, कंट्रोल १.१० वर आलं. मग ज्यांच्या आकड्यावर कुणी काही निर्णय घेतला असेल असं वाटलं, त्या अकरा जणांना सकाळी फोन केले. एका बाईंचं औषध त्या आकड्यावर बदललं गेलं होतं. त्यांच्या डॉक्टरांना भेटायला मी स्वतः गेले. आजही नवा लॉट फोडताना त्या बाईंचा आवाज माझ्या कानात येतो.

हे ठिपक्यांचे तक्ते मुळात दवाखान्यातले नव्हेत. १९२४ साली शूहार्ट यांनी कारखान्यातल्या मालासाठी ते काढले, लेव्ही आणि जेनिंग्स यांनी १९५० मध्ये लॅबमध्ये आणले. माझे यजमान शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटी बघतात. कास्टिंगच्या जाडीचा त्यांचा तक्ता आणि माझा क्रिएटिनिनचा तक्ता शेजारी ठेवला तर कुठला कुणाचा हे सांगता येणार नाही. त्या रात्री जेवताना मी त्यांना ठिपके दाखवले. ते म्हणाले, "तिसऱ्या-चौथ्यालाच भट्टीकडे बघायला पाहिजे होतं." बरोबर होतं त्यांचं.

हेलकाव्याची दुसरी बाजू मला जास्त टोचते. एक आजी होत्या, हडकुळ्या, गुडघेदुखीच्या. क्रिएटिनिन ०.६ असायचं. एकदा ०.९ आलं. आमच्या रिपोर्टवर वरची मर्यादा १.१, त्यामुळे आकडा बोल्ड झाला नाही, बाण आला नाही, सगळं नॉर्मल. पण ०.६ चं ०.९ म्हणजे दीडपट! १६ टक्क्यांचं सोडा, हे ५० टक्के. हॅरिस यांनी १९७४ सालीच सांगून ठेवलंय की ज्या गोष्टी माणसागणिक खूप वेगळ्या आणि एकाच माणसात फार कमी हलणाऱ्या असतात, त्यांना सगळ्या समाजाची 'नॉर्मल रेंज' लावून काही कळत नाही. त्या माणसाचीच जुनी रेंज धरायला हवी. आजी दोन महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होत्या. जुना रिपोर्ट समोर होता म्हणून मी डॉक्टरांना फोन केला. गोळ्या बंद झाल्यावर आकडा खाली आला. म्हणजे १० टक्के फरकाला एक माणूस अन्न सोडतो आणि ५० टक्के फरकाकडे कुणी बघतही नाही. कागदावरच्या बोल्ड अक्षरांवर एवढा भरवसा नसावा.

मोठ्या संशोधनातही याच काटेरी वाटेवरून जावं लागतं. किडनीच्या औषधांच्या चाचण्यांत पूर्वीपासून 'क्रिएटिनिन दुप्पट होणं' हा बदल मोजत आले, कारण तो हेलकाव्यात लपू शकत नाही. दुप्पट म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता सुमारे ५७ टक्क्यांनी घटणं. पण तिथवर पोचायला वर्षं लागतात, तोवर पेशंटचं काय? म्हणून पुढे ४० टक्के घटही ग्राह्य धरली जाऊ लागली. आणि काळाचं गणित इथेही फसवतं. रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंत चढलं तरी साधारणतः चालवून घेतात, आणि पुढची वर्षं तीच गोळी किडनी वाचवते. तीन आठवड्यांनी मोजणारा म्हणेल औषधानं घात केला, तीन वर्षांनी मोजणारा म्हणेल तारलं.

उलटही होतं. एक गृहस्थ ट्रायग्लिसराइड्स ४१२ चा रिपोर्ट घेऊन गेले, महिनाभर कसलासा काढा प्याले, परत आले तर २६८. काढ्याचा गुण! पण ज्याला आपण सर्वांत उंच आकड्याच्या दिवशी पकडलं, त्याचा पुढचा आकडा बहुतेक वेळा खालीच येणार, काढा घेवो न घेवो. इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टन यांनी आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत हे १८८६ सालीच दाखवलं. म्हणून काढा न पिणारेही सोबत मोजावे लागतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास केला तेव्हा ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. काम केलेल्या गावांतले मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि तुलनेच्या गावांत जवळपास तिथेच राहिले, म्हणून तर १९९९ साली जगानं ते मान्य केलं.

गुरुजींकडे परत येते. त्या दिवशी त्यांचं क्रिएटिनिन आलं १.३१. संध्याकाळी रिपोर्ट घेताना त्यांचा चेहरा उजळला. "बघा, डाळ सोडल्याचा फायदा!"

मला ते ऐकवेना. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. साडेचार किलोत स्नायूही गेले असणार, आणि स्नायू झिजले की किडनी होती तशीच राहूनही हा आकडा उतरतो. ज्याला ते सुधारणा म्हणत होते ती कदाचित त्यांच्या दंडातून गेलेली ताकद होती. मी त्यांना आत बसवलं, घरी जुने रिपोर्ट असतील तर मागवून घ्यायला सांगितले. नातू घेऊन आला. आजचा धरून चार वर्षांचे सात झाले. गणिताचे शिक्षक ते, मी आलेख कागद दिला आणि पेन्सिल दिली. त्यांनी स्वतः ठिपके मांडले. १.३०, १.२२, १.३५, १.२६, १.२८, १.४१, १.३१. बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग पट्टी आडवी ठेवून पाहिली.

त्यांच्या डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं (हे प्रथिन लघवीत गळायला लागलं तर किडनीला इजा झाल्याची खूण), ते ठीक आलं. डाळ परत सुरू करायला सांगितली.

जूनमध्ये गुरुजी पुन्हा आले. शर्ट खांद्यावर नीट बसला होता. सोबत शाळेची दोनशे पानी वही, तीत आखलेले रकाने. रिपोर्ट हातात पडल्यावर उभ्या उभ्याच त्यांनी नवी ओळ भरली: १.३६. याच लॅबमध्ये. सकाळी ७.३०, उपाशीपोटी. काल मटण नाही.