आबांच्या वाट्याचा धोका

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये लढले आणि ९ सप्टेंबर १९४५ रोजी मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर मोरिब येथे उतरलेल्या फौजेत होते. ती मोहीम आखली गेली होती जपानकडून मलाया लढून परत घेण्यासाठी. परंतु प्रत्यक्ष उतरण्याची वेळ आली तेव्हा जपानने शरणागती जाहीर करून तीन आठवडे उलटले होते, त्यामुळे समोरून गोळीबार झाला नाही. तरीही त्या किनाऱ्यावर व्हायची ती दैना झालीच. वाळू टणक असेल असे धरून जेथे गाड्या उतरवल्या, तेथे खाली मऊ चिखल निघाला आणि ट्रकमागून ट्रक रुतत गेले. छातीभर पाण्यातून रायफल डोक्यावर धरून चालताना आबांची नजर म्हणे सारखी समोरच्या नारळीच्या झाडांकडे जात होती. "तिथं एक मशीनगन असती ना, तर आमच्यातला एक बी काठाला लागला नसता," असे ते सांगत. आणि पुढचे वाक्य ठरलेले असे : "त्यो बाँब पडला म्हणून मी माघारी आलो. मी आलो म्हणून तुजा बाप, आन् मग तू."

अणुबॉम्बच्या वापराचे समर्थन मी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे, परंतु त्याचे सर्वांत प्रामाणिक रूप मी आमच्या ओसरीवरच ऐकले. हेन्री स्टिम्सन हे अमेरिकेचे तत्कालीन युद्धमंत्री. त्यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात जपानवर स्वारी करावी लागली असती तर एकट्या अमेरिकी फौजेतच दहा लाखांहून अधिक मृत आणि जखमी झाले असते, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे लिहिले. त्या आकड्यावर इतिहासकार आजही भांडत आहेत. आबांचा आकडा मात्र एकच होता आणि त्याच्याशी भांडायला मला जागा नव्हती, कारण त्या आकड्यात मी स्वतः होतो. म्हणून या विषयावर लिहिताना मी त्रयस्थ असल्याचा आव आणणार नाही. बॉम्बमुळे ज्यांचा जीव वाचला असे मानले जाते, त्यांच्या वंशातला मी एक आहे, आणि तरीही तो टाकणे अयोग्य होते असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, ते सांगतो.

वाद नेहमी ६ ऑगस्टपासून, म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या दिवसापासून, सुरू होतो. मला वाटते, तो ३१ मे १९४५ पासून सुरू व्हायला हवा. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अणुबॉम्बच्या वापराबाबत सल्ला देणाऱ्या अंतरिम समितीची बैठक झाली. अध्यक्षस्थानी स्टिम्सन होते आणि सल्ल्यासाठी ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स, कॉम्प्टन असे शास्त्रज्ञ उपस्थित होते. या बैठकीचे टिपण उपलब्ध आहे. जपानला पूर्वसूचना द्यायची नाही आणि नागरी वस्तीवर रोख ठेवायचा नाही, परंतु जास्तीत जास्त रहिवाशांच्या मनावर खोल परिणाम होईल असे पाहायचे, असे त्यात नमूद आहे. त्याच्या पुढेच, समितीचे सदस्य जेम्स कोनंट यांच्या सूचनेवरून आणि स्टिम्सन यांच्या संमतीने, सर्वांत योग्य लक्ष्याचे वर्णन येते : जेथे मोठ्या संख्येने कामगार राबतात आणि ज्याच्या सभोवती कामगारांची घरे दाटीने वसलेली आहेत, असा युद्धोपयोगी कारखाना.

कामगारांच्या घरात दिवसा कोण असते, हे त्या टेबलाभोवती बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. "नागरी वस्तीवर नाही" हे वाक्य आणि "घरांनी वेढलेला कारखाना" हे वाक्य एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसते आणि कोणालाही खटकत नाही, याचा मला पहिल्या वाचनात फार मोठा धक्का बसला. एवढे करून हिरोशिमावर जो नेम धरला गेला, तो कारखान्यावर नव्हताच. तो होता शहराच्या मध्यभागी असलेल्या, वरून इंग्रजी टी अक्षरासारख्या दिसणाऱ्या आयोई पुलावर. शहरात लष्कराचे मोठे मुख्यालय होते, हजारो सैनिक होते, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु नेम धरण्यासाठी पूल निवडला तो आकाशातून सहज ओळखू येतो म्हणून.

लक्ष्यांच्या पहिल्या यादीत क्योटो होते. लक्ष्य निवडणाऱ्या समितीला ते पसंत होते, कारण ते मोठे होते, बॉम्बफेकीतून बऱ्यापैकी वाचलेले होते आणि तेथील सुशिक्षित लोकांना या अस्त्राचा अर्थ अधिक नीट उमगेल असा तिचा हिशेब होता. स्टिम्सन यांनी ते नाव खोडले. १९२०च्या दशकात ते क्योटोला जाऊन आले होते आणि त्या प्राचीन राजधानीचे मोल त्यांना माहीत होते. अणुबॉम्ब प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी पुन्हा पुन्हा आग्रह धरला, तरी ते बधले नाहीत. जुलैमध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे त्यांनी प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची संमती मिळवली. यामागे केवळ कलाप्रेम होते असे नाही. क्योटो जाळले तर जपानी लोक कायमचे दुखावतील आणि युद्धानंतर रशियाकडे झुकतील, हेही त्यांनी मांडले. २५ जुलैच्या लेखी आदेशात मग हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी ही चार नावे आली. नागासाकी यादीत शिरले ते क्योटोच्या जागी. ९ ऑगस्टला पहिली पसंती असलेले कोकुरा ढगांनी आणि धुराने झाकलेले होते, विमान वळले आणि बॉम्ब नागासाकीच्या उराकामी खोऱ्यावर पडला.

स्टिम्सन यांना मी दुष्ट मानत नाही. उलट, त्या सगळ्या मंडळींत शहरांवरील बॉम्बवर्षावाने अस्वस्थ होणारे तेच होते. त्यांचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. जे शहर त्यांनी पायांनी हिंडून पाहिले होते, त्याच्यासाठी ते स्वतःच्या सेनानींशी भांडले. हिरोशिमा आणि नागासाकी त्यांच्यापुढे आली ती नावे म्हणून.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची २५ जुलैची रोजनिशी याच्याही पुढे जाते. लष्करी ठिकाणे, सैनिक आणि खलाशी हेच लक्ष्य असावे, स्त्रिया आणि मुले नव्हेत, असे आपण स्टिम्सन यांना सांगितल्याचे ते लिहितात. ९ ऑगस्टच्या नभोवाणी भाषणात त्यांनी हिरोशिमाचा उल्लेख लष्करी तळ असा केला. परंतु १० ऑगस्टला, हिरोशिमाचे वृत्तान्त आणि छायाचित्रे हाती येऊ लागल्यावर, आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय तिसरा बॉम्ब टाकायचा नाही असा आदेश त्यांनी दिला. त्या दिवशीच्या मंत्रिमंडळ बैठकीत हजर असलेले वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांनी कारण लिहून ठेवले आहे : आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याची कल्पना ट्रूमन यांना सहन होत नव्हती, ती सगळी मुले मारणे त्यांना नको होते. तेव्हा, पुढे आयुष्यभर आपल्या निर्णयाचे ठामपणे समर्थन करणाऱ्या या माणसालाही चार दिवसांत मुले दिसली होती.

ती मुले तेथे काय करत होती, हे मी फार उशिरा वाचले. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून हिरोशिमात लाकडी घरे पाडून मोकळे पट्टे काढण्याचे काम चालू होते आणि त्यासाठी शाळांमधली मुले-मुली कामाला लावली होती. ६ ऑगस्टच्या सकाळी अशी आठ हजारांहून अधिक मुले उघड्यावर कौले उचलत, फळ्या वाहत होती. त्यांतली बहुतेक बारा-तेरा वर्षांची. सव्वाआठ वाजले होते. त्या मुलांपैकी सुमारे सहा हजार दगावली. हिरोशिमाच्या संग्रहालयात त्यांच्यातल्या एका मुलाचा जेवणाचा डबा ठेवलेला आहे. आईने तीन दिवसांनी त्याला शोधून काढले तेव्हा तो डबा त्याच्या पोटाशी होता. भात, सातू आणि सोयाबीन एकत्र शिजवलेले, सोबत बटाटा आणि मुळ्याची परतलेली भाजी, आणि हे सगळे कोळसा झालेले. भाजी त्याने स्वतः साफ केलेल्या जमिनीत पिकलेली होती, पहिल्या तोडणीची, म्हणून तो सकाळी खुशीत डबा घेऊन निघाला होता.

१९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसे मेली. त्यांत जपानने मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियन होते, हिरोशिमात कैदेत असलेले अमेरिकी सैनिकही होते.

आता समर्थकांच्या बाजूचे जे मला खरोखर जड वाटते, ते टाळता येणार नाही. नागासाकीनंतरसुद्धा जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी फूट होती आणि सम्राटाने स्वतः कौल दिला तेव्हा कोंडी फुटली. युद्ध लांबते तर चीनमध्ये, जावामध्ये, कैद्यांच्या छावण्यांत रोज माणसे मरत राहिली असती. नाकेबंदी करून जपानला उपाशी ठेवणे हा काही अधिक दयाळू मार्ग नव्हे. उपासमारीत आधी मुलेच जातात. आणि ९-१० मार्चच्या रात्री टोकियोवर आगीच्या बॉम्बांनी सुमारे एक लाख माणसे मारली गेली होती, तेव्हा अणुबॉम्बने एखादी न ओलांडलेली मर्यादा ओलांडली असेही नाही. हे सर्व मला मान्य आहे. यातील शेवटच्या मुद्द्याने मात्र समर्थन होत नाही. त्याने फक्त टोकियोचा जाब मागायचा राहिला आहे, एवढे सिद्ध होते.

परंतु "बॉम्ब किंवा स्वारी" अशी दोनच दारे ६ ऑगस्टला उघडी होती, हे मला पटत नाही. जपानच्या क्यूशू बेटावरील स्वारी १ नोव्हेंबरला ठरली होती. हातात जवळजवळ तीन महिने होते. रशिया युद्धात उतरणार हे ठाऊक होते आणि तो ८ ऑगस्टला उतरलाच. सम्राटाचे पद राहू शकेल असा शब्द जपानला शरण येण्यास बजावणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात घालावा अशी स्टिम्सन यांची सूचना होती; ती गाळली गेली, आणि शरणागतीनंतर पद तर राहिलेच. अणुबॉम्ब प्रकल्पातल्याच लिओ झिलार्ड यांच्यासह सत्तर शास्त्रज्ञांनी १७ जुलैच्या अर्जात, अटी जाहीर करून जपानला शरण येण्याची संधी दिल्याखेरीज हे अस्त्र वापरू नये, असे विनवले होते. या सर्वांतून शांतता आलीच असती असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आधी हे करून पाहायला हवे होते, इतकेच माझे म्हणणे आहे. ऑक्सफर्डने १९५६ मध्ये ट्रूमन यांना मानद पदवी देऊ केली, तेव्हा विरोधात उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी नेमके येथेच बोट ठेवले होते : बिनशर्त शरणागतीचा हट्ट हेच अनर्थाचे मूळ आहे. मागणीच अशी करायची की ती पुरी करून घ्यायला दहा लाखांचा बळी लागेल, आणि मग तो आकडा दाखवून शहर जाळायचे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. भारताने १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे लेखी म्हणणे मांडले, त्यात प्रत्युत्तरादाखल केलेला अण्वस्त्रांचा वापरही बेकायदा ठरतो अशी भूमिका होती. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या. जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात पहिला वापर न करण्याचे वचन आहे, आणि आपल्यावर हल्ला झाल्यास प्रचंड, शत्रूला असह्य ठरेल अशी हानी करणारे प्रत्युत्तर देऊ, असेही आहे. पहिल्या वचनाचा मला अभिमान वाटतो. दुसऱ्या वाक्यातली असह्य हानी कोणाच्या घरादाराची, हे मात्र कोणी उच्चारत नाही. ३१ मे १९४५ च्या टिपणातही ते कोणी उच्चारले नव्हते.

माझे मत फिरले ते शेवटी आबांमुळेच. आराकानमधली एक गोष्ट ते क्वचित सांगत. एका वस्तीत बांबूच्या घरातून जपानी मशीनगन चालत होती. आत ग्रेनेड टाकायचे ठरले, इतक्यात घरातून लहान मूल रडल्याचा आवाज आला. हवालदाराने हात वर करून सर्वांना थांबवले. अंधार पडेपर्यंत सगळे बांधाआड पडून राहिले आणि त्या थांबण्यात पाटणकडचा एक जवान गेला. हवालदाराचे चुकले असे आबांनी कधीच म्हटले नाही. सैनिकाच्या वाट्याचा धोका सैनिकाने घ्यायचा असतो, तो रडणाऱ्या पोरावर ढकलायचा नसतो, हे त्या बांधाआड कोणाला समजावून सांगावे लागले नव्हते. मोरिबच्या चिखलातला धोकाही आबांच्या वाट्याचा होता. तो हिरोशिमात घरे पाडणाऱ्या मुलांनी उचलला.

१९९८ च्या पावसाळ्यात मी धीर करून त्यांना हे विचारले. तोवर ते हे दोन्ही प्रसंग वेगवेगळ्या दिवशी सांगत आले होते. मी ते प्रथमच शेजारी ठेवले, आणि शाळेतल्या मुलांचे, त्या डब्याचेही सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ पागोळ्यांकडे पाहत बसले.

"कितवीत व्हती पोरं?" त्यांनी विचारले.

"सातवीत," मी म्हणालो.