आमची वाटचाल: ऑस्टिनमधले वॉल्व्हवाले

वडिलांचं सोलापुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे वॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्या, मला नवे नव्हते. टेक्ससमध्ये येऊन वॉल्व्हवरचे जुने ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं) आणि स्टील गिटारी (आडव्या ठेवून, तारांवर दांडी सरकवत वाजवायच्या) दुरुस्त करायला बसलो, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

2000 साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा सिनेमा आला. त्यातल्या गाण्यांच्या अल्बमने 2002 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पटकावलं. जो तो म्हणे, जुन्या अमेरिकन संगीताला पुन्हा बहर आलाय, आता तुमची चांदी! कसली चांदी? लोकांना वेड लागलं बँजो, मँडोलिन, फिडलचं. ज्याला प्लगच नाही ते वाद्य आमच्याकडे कशाला येईल? आमचं पोट वेस्टर्न स्विंगवर, म्हणजे टेक्ससकडच्या जुन्या नाचाच्या कंट्री-जॅझ संगीतावर. तेही जुनंच, पण विजेवरचं. मिल्टन ब्राउनच्या बँडमधल्या बॉब डनने 1935 मध्येच विजेवरची स्टील गिटार रेकॉर्ड केली होती. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता?

त्यातच आमच्या हाताखाली सोल्डरिंग शिकलेल्या एकाने दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलं. आमचीच गिऱ्हाईकं गाठून सांगायचा, ‘ती जुनी खोकी फेका, डिजिटल घ्या.’ नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. भाडं थकलं. बायकोच्या पगारावर शटर उघडत होतं.

टिकून राहिले ते एक म्हातारे स्टीलवाले. तीन नेकची (तारांचे तीन संच असलेली) फेंडर स्ट्रिंगमास्टर स्टील गिटार वाजवायचे. ॲम्प ठणठणीत असला तरी ‘घरघर येतेय’ म्हणून घेऊन यायचे, पैसे आधीच काउंटरवर. मग मी चासी (ॲम्पचा आतला पत्र्याचा सांगाडा) उलटी करायचो, डावा हात खिशात (आत चारशेच्या वर व्होल्ट असतात) आणि उजव्या हातातल्या लाकडी चॉपस्टिकने एकेक जोड ठोकत जायचो. हॉटेलातली साधी चॉपस्टिक. महागडी हत्यारं तिच्यापुढे झक मारतात. कधीतरी खरंच एखादा सैल जोड खरखरायचा. तेव्हा म्हाताऱ्यांचा चेहरा बघावा!

2009 मध्ये गायक विली नेल्सन आणि इथल्याच अस्लीप ॲट द व्हील या बँडचा ‘विली अँड द व्हील’ हा वेस्टर्न स्विंगचा अल्बम आला. कल्पना संगीत निर्माता जेरी वेक्सलरची, पण अल्बम निघायच्या आदल्याच वर्षी तो गेला. त्यानंतर पोरं आजोबांचे ॲम्प उचलून दारात यायला लागली. पुढचं काय सांगायचं, काम चालू आहे.

आता माझं ऐका. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडलेला ॲम्प थेट सुरू करू नका. आधी जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदला, मग व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज चढवा. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगवाली बसवा. स्पीकर न जोडता ॲम्प लावाल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तसा मूळचा पुन्हा मिळणं कठीण. दोन गल्ल्यांपलीकडे हल्ली ‘व्हिंटेज स्पेशालिस्ट’ अशी पाटी लागली आहे. तिथे नेलात, तर निदान जुने वॉल्व्ह मोजून परत घ्या.