शेंगदाणा तेल, अगार आणि यकृतातील चरबी : आमची वाटचाल

एमआरआय यंत्राने यकृतातील चरबीचे प्रमाण १२ टक्के दाखवले, तर ते खरोखर १२ टक्केच आहे हे कशावरून मानायचे, या प्रश्नावर आमचा सगळा व्यवसाय उभा आहे. पुण्यातील आमची छोटी कंपनी दोन कामे करते. एमआरआय केंद्रांकडून आलेल्या प्रतिमांवरून अवयवातील चरबी मोजून देणे हे पहिले, आणि ज्यांतील चरबीचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असे नमुने, म्हणजे फॅन्टम, तयार करणे हे दुसरे. सुरुवात पहिल्या कामाने झाली; ओळख मात्र दुसऱ्याने मिळाली.

या विषयाकडे मी वळलो त्यामागे पुण्याशी जोडलेले संशोधन होते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या वजनावरून त्याच्या शरीरातील चरबीचा अंदाज बांधता येत नाही, हे त्या दोन आकड्यांनी मला पटवले. ती चरबी कोणत्या अवयवात किती साठली आहे, हा त्यापुढचा प्रश्न होता. सोनोग्राफीत थोडी चरबी सहज निसटते, आणि बायॉप्सीत काढलेला तुकडा संपूर्ण यकृताच्या जेमतेम पन्नास हजाराव्या भागाइतका असतो.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही संशोधकांसाठी स्पेक्ट्रोस्कोपीचे विश्लेषण करत होतो. या पद्धतीत यकृताच्या आत साधारण दोन सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी ठोकळा निवडतात. मोठ्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका टाळून त्याची जागा ठरवतात आणि त्या ठोकळ्यातील पाण्याचा व चरबीचा संदेश वेगवेगळा मोजतात. यकृतातील चरबी सामान्य मानण्याची, आजही सर्वत्र उद्धृत होणारी ५.५६ टक्क्यांची मर्यादा याच पद्धतीतून आली. अमेरिकेतील डॅलस हार्ट स्टडीमधील, यकृतविकाराचा धोका कमी असलेल्या लोकांच्या मोजमापांवरून ती २००५ मध्ये मांडली गेली. पद्धत अचूक असली, तरी ती एका ठोकळ्यापुरती असते, आणि यकृतात चरबी सर्वत्र सारखी पसरलेली नसते.

त्यामुळे आम्ही प्रतिमांकडे वळलो. त्यांचे मूळ टॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या वारंवारतेने फिरतात, १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) यंत्रात हा फरक सुमारे २२० हर्ट्झ असतो. गोल मैदानावर निराळ्या गतीने धावणाऱ्या दोन धावपटूंप्रमाणे ती कधी एकत्र येतात, तर कधी समोरासमोर असतात. साधारण २.३ मिलिसेकंदांनी त्यांचे संदेश एकमेकांच्या विरुद्ध असतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी एकमेकांत मिळतात. या दोन प्रतिमांची बेरीज केली की पाणी मिळते आणि वजाबाकी केली की चरबी.

कल्पना इतकी सोपी असली, तरी प्रत्यक्ष रुग्णाच्या यकृतात ती आकड्याला थेट नेत नाही. यकृतात लोह साठलेले असेल, तर दोन प्रतिमांमधल्या काळात संदेश झपाट्याने क्षीण होतो आणि हिशेब बिघडतो. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत ही अडचण ठळकपणे दिसते. चरबीचा संदेश पाण्यापेक्षा लवकर पूर्वस्थितीला येतो, म्हणून यंत्राची मांडणी जपून केली नाही तर चरबी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. शिवाय चरबीची वारंवारता एकच नसून तिची अनेक शिखरे असतात आणि त्यांतील एक पाण्याच्या अगदी शेजारी असते. या सर्वांचा विचार करून, लहान फ्लिप अँगल (केंद्रकांना रेडिओलहरीने दिलेला कल) ठेवून, बहुतेकदा सहा प्रतिध्वनी, म्हणजे सहा वेगवेगळ्या क्षणी टिपलेले संदेश, घेऊन चरबीचे जे प्रमाण काढले जाते, त्याला पीडीएफएफ (प्रोटॉन डेन्सिटी फॅट फ्रॅक्शन) म्हणतात. रुग्णाने सुमारे वीस सेकंद श्वास रोखला की संपूर्ण यकृताचा नकाशा मिळतो.

एकाच शहरातील दोन केंद्रांत एकाच व्यक्तीची तपासणी होऊन दोन आकडे वेगळे आले, तर यकृत बदलले की यंत्र, हे डॉक्टरांनी कसे ठरवायचे? हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येऊ लागला, आणि परदेशातून मागवलेला फॅन्टम लहान केंद्रांना परवडत नाही हेही दिसले. तेव्हा आम्ही तो येथेच करायचे ठरवले. योग असा की या क्षेत्रात जगभर वापरले जाणारे तेल शेंगदाण्याचे आहे, कारण त्याच्या शिखरांची रचना मानवी यकृतातील चरबीशी चांगली जुळते.

तेल मिळणे सोपे असले, तरी त्याचे मिश्रण टिकवणे हे कसबाचे काम आहे. अगारचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, थंड झाल्यावर गोठणाऱ्या पदार्थाचे) गरम पाणी आणि तेल जवळपास सारख्याच तापमानाला आणावे लागते. दोन्ही एकजीव राहावीत म्हणून साबणासारखे काम करणारा पदार्थ आणि बुरशी लागू नये म्हणून सोडियम बेन्झोएट घालावे लागते. ढवळण्याची गती कमी पडली, तर तेल वर येऊन कुपीच्या वरच्या आणि खालच्या भागाचे आकडे वेगळे होतात. ती जास्त झाली, तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते. आमच्या प्रयोगशाळेतील रसायनशास्त्राच्या पदवीधर ताईंनी ढवळण्याची आणि थंड करण्याची जी शिस्त बसवली, तिच्याशिवाय हे उत्पादन उभे राहिले नसते, असे मी जबाबदारीने लिहितो. शून्य टक्क्यापासून चढत्या प्रमाणातील कुप्यांचा संच आम्ही देतो, आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक संच यंत्रात ठेवून तपासतो.

तापमानाचा मुद्दा मी प्रत्येक ग्राहकाला आवर्जून समजावतो. तापमान एका अंशाने बदलले की पाण्याची वारंवारता दर दशलक्षामागे सुमारे ०.०१ ने सरकते. चरबीची मात्र जवळपास जागेवर राहते. शरीराचे तापमान ३७ अंश असते आणि वातानुकूलित खोलीतील फॅन्टम २२ अंशांवर असतो. शरीरासाठी रचलेले गणित त्याला तसेच लावले, तर निर्दोष यंत्रही सदोष भासू शकते. म्हणून संचासोबत तापमापक देतो आणि नोंद केल्याशिवाय निष्कर्ष कळवत नाही.

मागणी वाढली ती मुख्यतः दोन दिशांनी. यकृत प्रत्यारोपणात नातेवाईक आपल्या यकृताचा भाग देतो, तेव्हा दात्याच्या यकृतात चरबी किती आहे हे शस्त्रक्रियेआधी कळणे दाता आणि रुग्ण या दोघांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न असतो. दुसरी दिशा औषधांची. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये यकृतातील चरबीच्या विकारावरील रेस्मेटिरॉम या औषधाला मंजुरी मिळाली, आणि अशा औषधांच्या चाचण्यांत पीडीएफएफमध्ये मूळ प्रमाणाच्या निदान ३० टक्के घट होणे ही महत्त्वाची खूण मानली जाते. १५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर येणे म्हणजे ती घट. एवढा फरक ओळखायचा, तर दोन्ही वेळचे मोजमाप एका पट्टीवरचे असलेच पाहिजे.

इतर अवयवांबाबत आम्ही सावधपणे पुढे जात आहोत. स्वादुपिंडातील चरबी त्याच्या खंडांच्या मधल्या फटींत साठते, त्यामुळे डोके, मधला भाग आणि शेपटी यांचे आकडे आम्ही वेगवेगळे देतो. स्नायूंत पेशींच्या आतील आणि बाहेरील चरबी स्पेक्ट्रोस्कोपीने वेगळी करता येते, मात्र तंतूंची दिशा चुंबकीय क्षेत्राशी जुळलेली असावी लागते. हृदयाचे मोजमाप हृदयाचे ठोके आणि श्वास दोन्ही सांभाळून करावे लागते. ते काम आम्ही संशोधनापुरतेच स्वीकारतो.

काही कामांना आम्ही नकारही देतो. प्रत्येक आरोग्य तपासणीत ही चाचणी जोडावी, अशा प्रस्तावांना मी होकार दिलेला नाही, कारण बहुतेक लोकांसाठी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टरांचा सल्ला पुरेसा असतो. चरबीचा आकडा यकृतातील सूज किंवा तंतुमयता (व्रणासारखे कठीण झालेले ऊतक) सांगत नाही. सिरोसिस वाढत गेला की चरबी उलट कमी होऊ शकते. हे वाक्य आमच्या प्रत्येक अहवालात छापलेले असते आणि ते काढावे ही विनंती आम्ही मान्य करत नाही.

सध्या आम्ही ०.५५ टेस्लाच्या यंत्रांसाठी फॅन्टम तयार करत आहोत. तेथे पाणी आणि चरबी यांच्यातील फरक केवळ ८० हर्ट्झच्या आसपास उरतो, म्हणजे दोन्ही संदेश पुन्हा एकत्र यायला १२ मिलिसेकंदांहून अधिक काळ लागतो, आणि मुळात संदेशही क्षीण असतो. कमी प्रमाणाच्या कुप्यांचे आकडे या यंत्रांवर किती स्थिर राहतात, हे तपासण्याचे काम प्रयोगशाळेत चालू आहे, आणि ते समाधानकारक होईपर्यंत हा संच विक्रीसाठी ठेवणार नाही.