फोर-के मॉनिटर, ३० हर्ट्झ आणि दोन फेऱ्या

माझ्या पीसीत जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, ४ जीबीचं. त्यावर २७ इंची फोर-के मॉनिटर घ्यायला निघालो तेव्हाच कुणीतरी हात धरायला हवा होता. पणजीतल्या दुकानात उलटंच. ‘फोर-के केन्नाय बरें,’ म्हणत काउंटरवरच्या पोराने बिलच फाडलं. कार्ड कुठलं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

फोंड्याला आणून जोडला, माउस हलवला तर बाण बेडकासारखा उड्या मारत पळतोय. फोन केला. ‘चवथ जातकच येयात.’ म्हणजे गणपतीत पाहुण्यांना दाखवायला नवा मॉनिटर, आणि तो असा! चवथ संपल्यावर कदंबच्या बसमध्ये बॉक्स मांडीवर धरून, वर छत्री उघडून पणजी गाठली. त्यांनी तिथल्या पीसीला लावला तर लोण्यासारखा चालला. ‘मॉनिटर बरो आसा, तुमचो पीसी पळयात.’ घरी परत तोच बेडूक. दुसऱ्या फेरीत म्हटलं, बदलून द्या. उघडलेला बॉक्स परत घेत नाहीत म्हणे.

शेवटी रात्री डिस्प्ले सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्ड उघडलं, तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चित्र फक्त ३० वेळा बदलतंय! मॉनिटरसोबतची केबल आखूड पडली म्हणून मी सेट-टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय लावली होती. फोर-केला ६० हर्ट्झ तिला पेलत नव्हतं. चूक माझीच, पण दोन फेऱ्यांत एकानेही ‘केबल कुठली?’ विचारू नये? तुमच्या कार्डाला आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच दुसरा पोर्ट) असेल तर सरळ तोच वापरा. आणि केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डाला नव्हे. हेही एकदा केलंय.

मॉनिटरसोबतची केबल लावली, बाण सुधारला. गेम मात्र रांगतच राहिले. १०८०पीत, म्हणजे फुल एचडीत, साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीत ३६.९ लाख, फोर-केत ८२.९ लाख. दर फ्रेमला चौपट काम, १६५० बिचारं काय करणार! आता खेळताना १०८०पी ठेवतो, एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये इंटिजर स्केलिंग चालू करून. एका पिक्सेलचे चार होतात, चित्र धुरकट होत नाही, कडा तेवढ्या ठसठशीत दिसतात. अक्षरं वाचायला मात्र फोर-के झकास, हे कबूल.

पुन्हा घ्यायचा झाला तर या कार्डाला २४ इंची १०८०पीच. १४४०पी हवा असेल तर आधी १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६०सारखं काहीतरी.

केबल अजून तीच आखूड. त्यामुळे सीपीयू टेबलावर चढलाय, आईच्या फुलांच्या परडीशेजारी.