आधी ब्रॅकेटचा फोटो पाठवा

‘जुन्या जपानी गाडीचं सुपरचार्जर किट विकायला आलंय, आता कुणी बनवत नाही म्हणतात. घेऊ का?’ असं विचारणारे सगळे सोबत एकच फोटो पाठवतात: घासूनपुसून चकचकीत केलेला कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जरचा पंप. तुम्हीही तोच पाठवलात. मला ब्रॅकेटचा हवाय, म्हणजे तो पंप इंजिनाला धरून ठेवणाऱ्या भागाचा.

कॉम्प्रेसरचं निभावून नेता येतं. जॅक्सन रेसिंगच्या माझदा मियाटासाठीच्या किटमध्ये ईटन कंपनीचा एम45 कॉम्प्रेसर होता. टीआरडीने, म्हणजे टोयोटाच्याच रेसिंग विभागाने, टोयोटाच्या 3.4 लिटर व्ही6 साठी काढलेलं किटही ईटनच्याच एम62 वर बेतलेलं. हेच एम45 आणि एम62 मिनी आणि मर्सिडीजच्या गाड्यांत कारखान्यातूनच बसून आले, त्यामुळे बेअरिंग, ऑइल सील, कपलर (पुलीची फिरकी आत पोचवणारा जोड) अजून मिळतात. आयडलवर खडखड आली तर बहुधा कपलर झिजलेला असतो; त्याला घाबरू नका. आतले हवा ढकलणारे रोटर घासून भिंतीवर चरे पडले असतील, तर मात्र त्या कॉम्प्रेसरचा नाद सोडा.

खरी दुर्मिळ वस्तू म्हणजे ओतीव मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग), ब्रॅकेट आणि आयडलर पुली (पट्टा ताणून धरणारी). त्या एकाच इंजिनाच्या मापाने, थोड्या संख्येने बनल्या आणि साचे गेले. फॅब्रिकेटर जाड पत्र्याचं ब्रॅकेट करून देईल, दिसायलाही छान असेल. पण भार आल्यावर ते जरासं जरी वाकलं तरी पुल्यांची रेष चुकते आणि पट्टा घसरतो किंवा उडतो. ‘ब्रॅकेट नाही, पण ते सहज करून घेता येईल’ असं विकणारा म्हणाला, तर त्याने स्वतः का करून घेतलं नाही ते विचारा.

दुसरी गोष्ट इंजिनाची. सहा पीएसआय बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला दाब, वातावरणाच्या 14.7 पीएसआयवर कागदोपत्री चाळीस टक्के जास्त हवा. हवा तापते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. मियाटाच्या 1.6 लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते) 9.4, म्हणून हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर सहाच्या फार पुढे जाऊ नये, नॉकिंग सुरू होतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला ठोके बसतात. टोयोटाने आपल्या 4ए-जीई इंजिनाला स्वतः सुपरचार्जर लावून 1986 मध्ये एमआर2 गाडीत 4ए-जीझेडई आणलं, तेव्हा कॉम्प्रेशन 8 वर उतरवलं आणि पिस्टन फोर्ज्ड घातले. एसी कॉम्प्रेसरसारखा विद्युतचुंबकी क्लच असलेला त्याचा एससी12 सुपरचार्जर 4ए-जीईच असलेल्या जुन्या कोरोला एई86 वाल्यांना मोह घालतो. पण एमआर2 मध्ये इंजिन आडवं बसतं, एई86 मध्ये गाडीच्या लांबीत. त्यामुळे पाइप जसेच्या तसे बसत नाहीत.

जुन्या किटमध्ये इंधनाचा दाब वाढवून काम भागवणारा रेग्युलेटर असेल, तर तो आठवण म्हणून ठेवा आणि प्रोग्रॅमेबल ईसीयू (इंधन आणि ठिणगी ठरवणारा, हवा तसा बदलता येणारा संगणक) बसवा. त्याचा खर्च किटच्या किमतीत आधीच धरा.

आणि ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, आयडलर, मूळ बोल्टसकट सगळं समोर दिसत असेल, तर कॉम्प्रेसर जाम असला तरी घासाघीस करत बसू नका.