एकाच आकड्याची दोन नावं

रात्रीचे पावणेदहा वाजले होते आणि माझ्यासमोर एक्सेलच्या दोन फाइली शेजारीशेजारी उघड्या होत्या. एक बलाढ्य तंत्रज्ञान कंपनी एका छोट्या कंपनीला विकत घेत होती. त्यामुळे स्पर्धेला बाधा येते का, हे तपासणाऱ्या पथकात मी होते. छोट्या कंपनीची उलाढाल नगण्य, किंमत मात्र अवाढव्य.

अशा व्यवहारात उलाढाल बघून काहीच कळत नाही. २०१२मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम घ्यायचं ठरवलं ते १०० कोटी डॉलरला. तेव्हा तिथे १३ माणसं होती आणि कमाई शून्य. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, दोन्हीकडे तो व्यवहार अडला नाही. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो, एवढे पैसे नेमके कशाचे? या प्रकरणात कंपनीकडून उत्तर मिळालं होतं: हुशार माणसं आणि चांगलं तंत्रज्ञान.

त्या दोन फाइली म्हणजे विकत घेणाऱ्या कंपनीने केलेल्या किमतीच्या हिशेबाच्या दोन आवृत्त्या. संचालक मंडळापुढे गेलेल्या आवृत्तीत निम्म्याहून जास्त किंमत एकाच ओळीत होती, 'धोरणात्मक लाभ'. तीन आठवडे आधीच्या कच्च्या आवृत्तीतही तीच ओळ, शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा. नाव तेवढं वेगळं: 'ग्राहक तिकडे गेल्यास होणारा, टळलेला तोटा'.

मी आमच्या पथकप्रमुख मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नाव कुणीही बदलतं. सूत्र बघ."

सेलवर क्लिक केलं. सूत्र दुसऱ्या शीटवर नेत होतं. तिथे पुढच्या पाच वर्षांत किती ग्राहक सोडून जातील याचा अंदाज मांडलेला, आणि स्तंभाच्या डोक्यावर त्याच छोट्या कंपनीचं नाव. आमच्यापुढे मात्र बलाढ्य कंपनीने 'ती आमच्या क्षेत्रातलीच नाही' असं लिहून दिलं होतं.

मला संताप आला. त्या स्तंभातले आकडे म्हणजे माणसं होती, दुसरीकडे बरं मिळालं तर निघून जाऊ शकणारी. त्यांची ती वाटच विकत घेतली जात होती.

लिहून दिलेल्यावर विसंबणं महागात पडतं. व्हॉट्सअ‍ॅप घेताना, २०१४मध्ये, दोन्हीकडची खाती आपोआप भरवशाने जुळवता येणार नाहीत, असं फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं होतं. ते शक्य असल्याचं तिथल्या कर्मचाऱ्यांना तेव्हाच माहीत होतं, असं आयोगाला आढळलं. २०१७मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला, पण व्यवहाराची मंजुरी कायम राहिली.

सकाळच्या बैठकीत दोन्ही ओळी छापून समोर ठेवल्या. कंपनीच्या वित्त विभागाच्या अधिकाऱ्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली, मग वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी लेखी उत्तरासाठी वेळ मागितला. मॅडमनी तो दिला, सगळ्या आवृत्त्या सूत्रांसकट मागवल्या आणि त्या येईपर्यंत तपासाची मुदत थांबवल्याची नोंद मला करायला सांगितली.