अहवालात ४५ गुणसूत्रे: कॅरिओटाइप तपासणीचा माझा अनुभव

पत्नीचे लागोपाठ गर्भपात झाल्यावर वडोदऱ्यातील आमच्या डॉक्टरांनी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी लिहून दिली आणि ती आम्हा दोघांचीही एकाच वेळी व्हावी असा आग्रह धरला. दांडिया बाजारातील आमच्या घरी आत्याबाईंनी लगेच विचारले, "त्रास सूनबाईला होतोय, मग ह्याचं रक्त कशाला?" गर्भाची निम्मी गुणसूत्रे पित्याकडून येतात, एवढे उत्तर पुरेसे होते; तरीही केवळ पत्नीचीच तपासणी करून थांबणारी घरे आजही पुष्कळ आहेत, आणि हा त्या स्त्रियांवर उघड अन्याय आहे असे माझे मत आहे.

रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतले. तिच्यात रक्त गोठू न देणारे हेपॅरिन असते. या तपासणीला जिवंत पेशी लागतात, कारण पेशी विभागत असतानाच गुणसूत्रे आखूड व जाड होऊन सुटी दिसतात. अहवालाला इतके दिवस का लागतात, हे प्रयोगशाळेतील ताईंनी नीट समजावून सांगितले: पांढऱ्या पेशींना विभाजनास प्रवृत्त करून सुमारे ७२ तास वाढवतात, कोल्चिसिनसारख्या द्रव्याने विभाजन मध्यावस्थेत थांबवतात, सौम्य क्षारद्रावणात पेशी फुगवतात आणि काचपट्टीवर गिम्सा रंग देऊन उमटलेल्या पट्ट्यांवरून एकेक गुणसूत्र ओळखतात.

पत्नीची गुणसूत्रे नेहमीप्रमाणे ४६ निघाली, माझी ४५. अहवालातील छायाचित्रात २१ क्रमांकाच्या जागी एकच इवलेसे गुणसूत्र होते, तर १४ क्रमांकाच्या जोडीतील एक दुसऱ्याहून लांब दिसत होते. हरवलेले २१ वे त्यालाच गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे मिळतात तिथे, जोडलेले होते. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात आणि साधारण हजारात एका माणसात या प्रकारची जोडणी आढळते. जोडणीत गळून पडणाऱ्या आखूड भुजांवरील जनुकांच्या प्रती इतर गुणसूत्रांवरही असल्याने माझ्या प्रकृतीत काहीच उणे नाही.

अडचण शुक्रपेशी तयार होताना येते. गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात जोडलेले गुणसूत्र आणि सुटी १४ व २१ अशी तिघांची वाटणी दोन पेशींत व्हावी लागते, आणि ती सहा प्रकारे होऊ शकते. त्यांतील दोनच प्रकारांत जनुकीय साहित्य पुरते राहते. बाकीच्यांत १४ किंवा २१ जास्त तरी होते किंवा कमी तरी पडते. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. जास्तीचे २१ आले, तर मात्र डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मू शकते. समुपदेशक डॉक्टरांनी सांगितले की ही जोडणी आईकडे असल्यास तो धोका १० ते १५ टक्के असतो, पित्याकडे असल्यास बराच कमी. ते ऐकताना पत्नीने माझा हात धरला होता. इतके दिवस ती स्वतःच्या खाण्यापिण्यात आणि जिने चढण्याउतरण्यात कारण शोधत राहिली होती, आणि तसे कारण तिथे मुळात नव्हतेच, हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगणे फार आवश्यक होते.

ही जोडणी आईवडिलांपैकी एकाकडून आलेली असू शकते, म्हणून दादानेही रक्त दिले आहे. त्याच्या मुलीचे लग्न ठरण्याआधी हे कळलेले बरे. आम्ही पुन्हा प्रयत्न करणार आहोत. गर्भ राहिल्यास ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या पेशींची तपासणी करायची, असे ठरले आहे, आणि त्या वेळी नेमके काय पाहायचे हे प्रयोगशाळेला कळावे म्हणून माझा अहवाल पत्नीच्या फायलीत लावून ठेवला आहे.